न प्यायलेली दारू

गाडी झोपाळ्यावर आदळली तेव्हा कॅप्टन झोपलेला होता.

सकाळची वेळ होती. सोसायटीच्या आवारात मुलं शाळेच्या बसची वाट बघत उभी होती. कुणी डबा उघडून आत काय आहे ते बघत होतं, कुणी दुसऱ्याच्या दप्तरावर बसलं होतं. कॅप्टनची गाडी फाटकातून नेहमीसारखी आत आली आणि डावीकडे वळायच्या ऐवजी सरळ गेली. खेळाच्या जागेभोवतीचं बुटकं कुंपण मोडून ती झोपाळ्याच्या खांबाला भिडली. खांब वाकला, झोपाळ्याची फळी उडून समोरच्या काचेवर आपटली, आणि त्या आवाजाने त्याला जाग आली.

क्षणभर त्याला आपण कुठे आहोत तेच कळेना. काचेला तडे गेले होते. तड्यांपलीकडे माणसं धावत येत होती. त्याने सवयीने हात समोर नेला. जिथे बटणं असायला हवी होती तिथे नुसता गाडीचा रेडिओ होता.

कुणीतरी दार उघडून त्याला बाहेर ओढलं. तो उभा राहिला आणि तोल जाऊन परत गाडीला टेकला. डोळे लालभडक, जीभ जड.

"अहो, चिंगी आत्ता बसली होती त्याच्यावर! बसचा हॉर्न ऐकून उतरली, आत्ता, आत्ता उतरली हो!" एक बाई छातीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. चिंगी म्हणजे समोरच्या इमारतीतल्या अण्णांची नात. ती फाटकापाशी तोंडात वेणीचं टोक धरून उभी होती. तिला काही झालं नव्हतं.

"टाकून आलाय," मागून कुणीतरी म्हणालं. "डोळे बघा ना."

सोसायटीचे सेक्रेटरी पुढे आले. "कॅप्टन, शुद्धीत आहात का तुम्ही?"

कॅप्टनच्या अंगात साधा टीशर्ट होता. विमानतळावरून निघताना तो गणवेशाचा शर्ट बदलायचा. गणवेशात दिसला की लिफ्टमध्ये कुणी ना कुणी त्याला तिकिटं स्वस्त कधी होणार ते विचारायचं, जणू भाव तोच ठरवत होता. त्यामुळे तो रात्रभर विमान चालवून आलाय हे त्या गर्दीत कुणालाच दिसत नव्हतं. त्याने सगळ्यांकडे पाहिलं. चिंगीकडे पाहिलं.

"रात्री मित्राकडे पार्टी होती," तो म्हणाला. "जरा जास्त झाली."

त्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता.

*

गेल्या तीन रात्री तो उडत होता. संध्याकाळी निघायचं, मध्यरात्री कुठल्यातरी शहरात उतरायचं, पुन्हा माणसं भरायची आणि उजाडताना परत. दिवसा झोप मिळाली असती तर भागलं असतं. पण वरच्या मजल्यावर फरशा बदलायचं काम चाललं होतं. त्याच्या बायकोने खोलीला काळे पडदे लावले होते, दाराची बेल काढून ठेवली होती, बारा वर्षांची ठकू घरात खुणांनी बोलायला शिकली होती. पण डोक्यावर चालणाऱ्या ड्रिलला कोण काय सांगणार? तो कानात बोळे घालून पडून राहायचा. झोप लागल्यासारखी व्हायची आणि तेवढ्यात छत थरथरायचं.

ड्युटीच्या याद्या करणाऱ्या ऑफिसात त्याला हुकमी एक्का म्हणायचे. कुणी आजारी पडलं, कुणाची मुलगी आजारी पडली, की फोन त्याला. "सर, नियमात बसतंय, विश्रांतीचे तास पूर्ण होतायत," पलीकडून सांगितलं जायचं. तास पूर्ण व्हायचे हे खरं होतं. त्या तासांत तो झोपला का, हे कुणी विचारत नव्हतं आणि तोही सांगत नव्हता. नाही म्हणणाऱ्यांबद्दल ऑफिसात कसं बोलतात ते त्याने ऐकलं होतं. आपल्याबद्दल तसं कुणी बोलत नाही याचा त्याला अभिमान होता.

त्या दिवशी पहाटे विमान खाली येत असताना मात्र वेगळंच घडलं होतं. समोर सूर्य उगवत होता, विमान आपोआप उतरणीला लागलं होतं, शेजारी को-पायलट मुलगी बसली होती. मग एकदम तिचा आवाज आला, "सर! उंची!" तो दचकला. आकडा त्याला वाटत होता त्यापेक्षा फार खाली होता. मधल्या वेळेचा तुकडा त्याच्यापाशी नव्हताच. "हो, बघतोय," तो अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला आणि विमान सरळ करून, नीट, कुणाच्या कपातलं पाणीही हिंदकळू न देता, उतरवलं. उतरताना एका म्हाताऱ्या प्रवाशाने त्याचा हात हातात घेतला. "काय अलगद उतरवलंत!" म्हणाला. कॅप्टनने हसून मान लववली होती.

म्हणून आवारात उभा असताना त्याच्या तोंडून पार्टी बाहेर पडली. झोप लागली म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, कुठून येताय? आणि मग त्याच्याही पुढचा.

*

"पार्टी?" बायकोने विचारलं. ती एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती आणि बातमी तिला कामावर फोनवरून कळली होती. "तू? लग्नातही सरबताचा पेला धरून फिरत होतास तू."

"काहीतरी बोलायचं म्हणून बोललो."

"झोप लागली होती ना?"

तो बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"गाडी चालवताना लागली, की त्याआधीच?"

"गाडीत," तो म्हणाला. बायकोने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विषय सोडून दिला. तिने तो सोडून दिला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर पुष्कळदा वाटलं.

ठकूला बसमध्येच सगळं ऐकायला मिळालं होतं. रात्री जेवताना ती भाजी नुसती चिवडत होती. कॅप्टनने पाण्याचा पेला टेबलावर ठेवला आणि मीठ आणायला उठला. परत वळला तर ठकू त्या पेल्यात नाक घालून वास घेत होती. त्याला बघून तिने पेला जागेवर ठेवला आणि ती ताटात बघू लागली.

तेव्हा सांगता आलं असतं. त्याने मीठ घेतलं आणि जेवून उठला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला, आणि तो परत रात्री उडायला गेला.

*

अण्णांचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं, आता मुलगा बघायचा. अण्णा रोज संध्याकाळी हातात काठी नसताना काठी असल्यासारखे ताठ चालत आवाराला फेऱ्या मारायचे. त्यांनी बोलावलंय म्हटल्यावर कॅप्टन समजला की आता शिव्या खायच्या आहेत. खाव्यात असंच त्याला वाटत होतं. झोपाळा नवा बसवून द्यायचं त्याने सेक्रेटरींना कबूल केलं होतं, पण त्याने काही हलकं वाटलं नव्हतं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. अण्णांनी दार लावून घेतलं, खुर्ची पुढे ओढली.

"चिंगीला काही झालं असतं ना, तर तुमचा जीव घेतला असता मी," ते शांतपणे म्हणाले. "दोन दिवस तेच डोक्यात होतं. मग मला माझंच आठवलं. म्हणून बोलावलं."

कॅप्टन खुर्चीत पुढे सरकला.

"माझा मुलगा लंगडतो, पाहिलंय तुम्ही. आम्ही लोकांना सांगतो की लहानपणी पोलिओ झाला. पोलिओ नव्हता तो. मी होतो." अण्णांनी चष्मा काढला. "दुकानातच प्यायचो. काउंटरखाली बाटली असायची. एक दिवस त्याला स्कूटरवर पुढे उभा केला आणि निघालो. पोरगं हॉर्न वाजवत होतं, खूश होतं. मला एवढंच आठवतं, तो हॉर्न."

ते रडू लागले. म्हातारा माणूस आपल्यासमोर रडतोय आणि तो आपल्याला आपल्यातला समजून रडतोय, हे कॅप्टनच्या लक्षात आलं. आत्ता थांबवायला हवं. अण्णा, थांबा, माझं तसं नाहीये. एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण अण्णांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सुटते ती. माझी सुटली. रविवारी आमचा गट बसतो, वाचनालयाच्या वर. माझ्याबरोबर चला. या सोसायटीत हे कुणालाही माहीत नाही, सुनेलाही नाही. तुमच्यापाशी राहू दे."

"येतो," कॅप्टन म्हणाला.

घरी येऊन तो न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ नुसता उभा राहिला.

*

वाचनालयाच्या वरच्या खोलीत लोखंडी खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. कोपऱ्यात चहाची किटली. एक शिंपी होता, एक कॉलेजात शिकवणारी बाई होती, एक तरुण होता जो सारखा बोटं मोडत होता. एकेकजण बोलत गेला. कुणी आवाज चढवला नाही, कुणी स्वतःला गोंजारलं नाही. शिंप्याने सांगितलं की त्याने बायकोची शिलाई मशीन विकली होती आणि चोरी झाली म्हणून तिच्याबरोबर पोलिसात गेला होता. सांगताना तो हसला आणि मग हसला म्हणून ओशाळला.

कॅप्टनची पाळी आली. अण्णांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली, शाळेत पहिल्यांदा भाषणाला उभ्या राहिलेल्या पोराकडे बघून बाप हलवतो तशी.

"मी दारू पीत नाही," कॅप्टन म्हणाला.

खोलीत सौम्य हसू पसरलं. "पहिल्या दिवशी सगळे हेच म्हणतात," कॉलेजातली बाई म्हणाली. "सावकाश. घाई नाही."

"नाही, खरंच. मी प्यायलो नव्हतो. मला झोप लागली होती."

"मलाही लागायची," शिंपी म्हणाला. "गटाराच्या कडेला."

या वेळी सगळे मोकळेपणाने हसले. हसले नाहीत ते अण्णा. ते कॅप्टनच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेलेला कॅप्टनला दिसला. तो खाली बसला. पुढच्या माणसाने बोलायला सुरुवात केली.

जिन्यात अण्णांनी त्याला गाठलं.

"तुम्ही पीत नाही."

"नाही."

"मग त्या दिवशी माझ्या घरी बसून सगळं ऐकून घेतलंत."

"हो."

"मला थांबवायचं होतं."

"धीर झाला नाही, अण्णा."

अण्णा जिन्याच्या पायरीवर बसले. वरून कुणाचं तरी बोलणं अस्पष्ट ऐकू येत होतं. "पण झोपेचंच होतं तर दारू कशाला सांगितलीत? कामाने दमलेला माणूस झोपतो. कुणी फाशी दिली नसती."

"मी पार्टीहून येत नव्हतो. विमान उतरवून येत होतो."

अण्णांनी वर पाहिलं.

"विमानातही?"

"उतरताना. किती वेळ ते मला माहीत नाही. शेजारच्या मुलीने हाक मारली."

"माणसं होती आत?"

"भरलेलं होतं."

"माझ्या स्कूटरवर एकटं पोर होतं हो," अण्णा म्हणाले. "त्या दिवसानंतर मी स्कूटरला हात लावला नाही. तुम्ही त्यानंतर गेलात का विमानावर?"

खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "गेलो. परवाही गेलो."

अण्णा कठड्याला धरून उठले आणि एकेक पायरी उतरत निघून गेले. कॅप्टन त्यांच्या मागून गेला नाही.

*

त्याने पहिला फोन को-पायलट मुलीला केला. जे करायचं होतं त्यात तिचंही नाव येणार होतं. तिला अंधारात ठेवणं बरं नव्हतं.

"त्या दिवशी उतरताना मला झोप लागली होती," तो म्हणाला. "मी उद्या ऑफिसात जाऊन सांगणार आहे. तू हाक मारलीस म्हणून आपण वाचलो, हेही सांगणार आहे."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "मीही झोपले होते."

"काय?"

"मला जाग आली ती आकडा बघूनच. मला वाटलं तुम्ही जागे आहात, मीच झोपले. इतके दिवस मी घाबरून होते की तुम्ही माझं नाव सांगाल. तुम्ही काही बोलला नाहीत, तर मला वाटलं सर किती चांगले आहेत."

कॅप्टन पलंगाच्या कडेवर बसला. त्याची कल्पना होती की त्या मधल्या तुकड्यात निदान एक जण जागं होतं. तेवढ्याच आधारावर तो परत उडायला गेला होता. आणि ही पोरगी इतके दिवस त्याच्या मोठेपणाचे आभार मानत होती.

"मी चांगला बिंगला नाही," तो म्हणाला. "मी स्वतःला वाचवत होतो."

"उद्या मीही येते, सर."

त्या संध्याकाळी त्याने बायकोला आणि ठकूला समोर बसवून सगळं सांगितलं. बायको उठून खिडकीपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. ठकूने विचारलं, "मग दारू म्हणून का सांगितलंस, बाबा?"

"लाज वाटली म्हणून."

"आणि दारूची नाही वाटली?"

त्याने समोरचा पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"बसमध्ये सगळे चिडवत होते," ठकू म्हणाली. "मी भांडले नाही कुणाशी. गप्प बसले. मला वाटलं, खरंच आहे तर काय भांडायचं." तिने बाहीने डोळे पुसले. "खोटं होतं तर मला सांगायचं ना. मी भांडले असते."

*

चौकशी झाली. दोघांचंही उडणं बंद केलं. डॉक्टरांनी तपासलं, झोप तपासायला डोक्याला तारा लावून झोपवलं, प्रश्न विचारले. वरच्या साहेबांनी आधी आवाज चढवला, मग याद्या मागवल्या, मग त्यांचा आवाज उतरला, कारण याद्या त्यांच्याच सहीच्या होत्या. लागोपाठच्या रात्री कमी झाल्या. अगदी बंद झाल्या नाहीत. कँटीनमध्ये काही जण त्याच्या टेबलावर येऊन हळू आवाजात म्हणाले, बरं केलंस, मलाही एकदा लागली होती. काही जण त्याला बघून दुसऱ्या टेबलावर गेले. ज्यांनी बरं केलंस म्हटलं त्यांच्यातलं कुणीही ऑफिसात जाऊन बोललं नाही.

सोसायटीत त्याने सेक्रेटरींना खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अच्छा, असं होय," पण ते त्यांना पटलेलं दिसलं नाही. दारूची गोष्ट आधी पसरली होती आणि ती जास्त चविष्ट होती. कॅप्टन मग कुणाला सांगत बसला नाही. अण्णा त्याच्याशी बोलत नव्हते. समोर आले तर मान वळवायचे नाहीत, पण त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे जायची. त्यांचं गुपित मात्र त्याने बायकोलाही सांगितलं नाही. अण्णांसाठी त्याला एवढंच करता येत होतं.

काही महिन्यांनी त्याला परत उडायची परवानगी मिळाली. दिवसाच्या फेऱ्या झाल्या, ठीक झाल्या. मग एक रात्रीची फेरी आली. आदल्या रात्री ठकूला ताप भरला होता. बायको बाहेरगावी होती. त्याने रात्रभर पट्ट्या बदलल्या आणि दिवसाही अर्धा डोळा उघडा ठेवूनच पडला. संध्याकाळी बायको आली, आणि कंपनीच्या गाडीने तो विमानतळावर गेला.

योगायोगाने त्या फेरीला तीच को-पायलट होती. निघण्याआधी हवामानाचे कागद हातात घेऊन ती समोर बसली आणि म्हणाली, "सर, झोप झाली का?"

नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"नाही," तो म्हणाला.

तिने कागद खाली ठेवले. त्याने फोन उचलला.

"अहो कॅप्टन, आत्ता?" ऑफिसातला माणूस म्हणाला. "माणसं गेटवर बसलीयत. आयत्या वेळी मी कुठून आणू दुसरा पायलट? थोडं अंग मोडून आलंय एवढंच ना? कॉफी घ्या." थोडा थांबून तो म्हणाला, "तुम्ही असं कधी करत नव्हता हो."

"नव्हतो करत," कॅप्टन म्हणाला. "लिहून घ्या, मी आज उडू शकत नाही."

त्याने फोन ठेवला. आपण योग्य केलं असं वाटून छाती वगैरे फुलेल अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नाही. काम टाकून पळणाऱ्या माणसासारखंच वाटत होतं.

बाहेर जायचा रस्ता प्रवाशांच्या दालनातूनच होता. फलकावर उशिराची सूचना लागली होती. तो गणवेशातच बॅग ओढत निघाला तेव्हा एका माणसाने त्याला अडवलं.

"आमच्या विमानाचे पायलट ना तुम्ही? मग उलट्या दिशेने कुठे चाललात? उशीर कशाचा आहे, कुणी काही सांगत नाही इथे."

कॅप्टनला कितीतरी उत्तरं येत होती. तांत्रिक कारण. हवामान. मला कल्पना नाही.

"माझी झोप झालेली नाही," तो म्हणाला. "दुसरा पायलट येतोय. माफ करा."

माणूस बघतच राहिला. मग बायकोकडे वळून मोठ्याने म्हणाला, "ऐकलंस का? झोप आलीय म्हणे यांना!" आसपासची डोकी वर झाली. कुणीतरी हसलं. एक बाई मांडीवरच्या मुलाला थोपटत त्याच्याकडे बघत होती. ती रागावलीय की काय, ते त्याला कळलं नाही. त्याने मान खाली घातली आणि चालत राहिला. ते दालन त्याला कधी इतकं लांब वाटलं नव्हतं.

दाराबाहेर कंपनीची गाडी अजून तिथेच होती. ड्रायव्हर घाईघाईने उतरला.

"सर, आत्ताच तर सोडलं तुम्हाला. काही विसरलं का?"

"नाही," कॅप्टन म्हणाला. त्याचे कान अजून तापलेले होते. "घरी चल."